कण लोखंडाचा, काम शरीराचं: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण एक छोटी टीप दिली होती की आयर्न ऑक्साइडचे नॅनो कण, म्हणजे मिलिमीटरचे लाखभर तुकडे केले तर एक येईल एवढे बारीक लोखंडी कण, एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट म्हणून, म्हणजे फोटोत फरक ठळक दिसावा म्हणून टोचायचं औषध म्हणून, वापरतात आणि कॅन्सरची गाठ तापवून मारायलाही वापरून झालेत. तेवढ्या दोन ओळींवर भरपूर पत्रं आली, बहुतेक नागपूरचीच. मी रेडिओलॉजीत काम करते म्हणून संपादकांनी सगळी माझ्याकडे पाठवून दिली. नावं गाळली आहेत, फक्त कुठला प्रश्न ते ठेवलंय.

आधी एक सांगते, कारण जवळपास प्रत्येक पत्रात हाच समज दिसतो की हे कण अंगात सोडले की ते स्वतःहून आजार शोधत जातात. तसं नाही. कणाला काहीच कळत नाही. रक्तातून फिरताना शरीर त्याला उचलून जिथे नेऊन ठेवतं तिथे तो दिसतो, आणि तिथेच त्याचं काम होतं. एवढं लक्षात ठेवून पुढची उत्तरं वाचा.

प्रश्न (मनीषनगर): माझ्या मिस्टरांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू आहे. पायाच्या रक्तवाहिन्यांचा कॉन्ट्रास्ट एमआरआय सांगितला होता, पण सेंटरवर गेलो तर क्रिएटिनिन (रक्तातला किडनीचा आकडा) बघून त्यांनी परत पाठवलं, म्हणे यांना कॉन्ट्रास्ट देता येत नाही. पुतण्या अमेरिकेत आहे तो म्हणतो तिकडे किडनीवाल्यांना लोखंडाचं कॉन्ट्रास्ट देतात. हे खरं आहे का ताई?

काकू, पुतण्या खरं सांगतो, पण त्यातलं अर्धंच तुमच्यापर्यंत आलंय. एमआरआयचं नेहमीचं कॉन्ट्रास्ट गॅडोलिनियमचं असतं. १९९७ पासून डायलिसिसच्या काही पेशंटमध्ये कातडी लाकडासारखी कडक होणं, सांधे आखडणं असा एक विचित्र आजार दिसायला लागला आणि २००६ मध्ये त्याचा संबंध गॅडोलिनियमशी लागला. त्याला एनएसएफ म्हणतात. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्यानं, सगळ्या गॅडोलिनियम औषधांवर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला आणि तेव्हापासून जगभर किडनीच्या पेशंटला कॉन्ट्रास्ट म्हटलं की सगळे बिचकतात.

पण सगळं गॅडोलिनियम एकसारखं नसतं. जुन्या प्रकारात गॅडोलिनियमचा अणू सैल धरलेला असायचा, किडनीनं वेळेवर बाहेर टाकलं नाही की तो सुटायचा. नवीन मॅक्रोसायक्लिक प्रकारात तो पक्का अडकवलेला असतो. २०२० मध्ये एक मोठा आढावा छापून आला, त्यात किडनी खूप खराब असलेल्या ४,९३१ पेशंटना ही सुरक्षित गटातली औषधं दिली होती आणि एनएसएफ एकालाही झाला नाही. म्हणून "देता येत नाही" ऐकून घरी परतायचं नाही, विचारायचं की तुमच्याकडे कोणत्या गटाचं आहे, आणि नेफ्रॉलॉजिस्टशी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांशी, बोलून डायलिसिसच्या दिवशी सकाळी एमआरआय आणि नंतर लगेच डायलिसिस असं बसवता येईल का. धंतोली, रामदासपेठ भागात एवढी सेंटर आहेत, एका ठिकाणी नाही म्हटलं म्हणजे सगळीकडे नाही असं होत नाही.

आता लोखंडाचं. पुतण्या ज्याबद्दल बोलतोय ते बहुतेक फेरुमॉक्सिटॉल. एफडीएनं त्याला २००९ मध्ये मंजुरी दिली ती किडनीच्या पेशंटच्या ॲनिमियासाठी, एका वेळी ५१० मिलिग्रॅम लोखंड. म्हणजे ते मुळात रक्तवाढीचं औषध. पण आतमध्ये आयर्न ऑक्साइडचा गाभा आणि वरून साखरेच्या जातीचं आवरण असल्यामुळे ते एमआरआयमध्येही दिसतं, आणि रक्तवाहिन्यांमध्ये बराच वेळ टिकतं, निम्मं व्हायलाच साधारण १५ तास लागतात. गॅडोलिनियम मिनिटांत पसरून जातं त्यामुळे टेक्निशियनला घाई असते, इथे निवांत फोटो काढता येतात. ते किडनीतून बाहेर पडावं लागत नाही, यकृत-प्लीहेतल्या पेशी ते गिळतात आणि त्यातलं लोखंड हळूहळू शरीराच्या साठ्यात जमा होतं. म्हणूनच डायलिसिसवाल्यांच्या रक्तवाहिन्या बघायला डॉक्टरांनी ते स्वतःच्या जबाबदारीवर वापरायला सुरुवात केली.

पण काकू, हे निर्धोक नाही. काही पेशंटना जोरदार ॲलर्जी झाली, थोडे दगावले, म्हणून २०१५ मध्ये त्याच्यावरही चौकटीतला इशारा आला. आता ते सलाईनमधून किमान १५ मिनिटं हळू देतात आणि नंतर अर्धा तास पेशंटवर लक्ष ठेवतात. आणि एक महत्त्वाचं, ते घेतल्यावर तीन महिन्यांपर्यंत दुसऱ्या एमआरआयचे फोटो बदललेले दिसू शकतात, म्हणून कुठेही एमआरआयला गेलात तर आधी सांगायचं. माझं मत विचाराल तर तुमच्या केसमध्ये पहिला प्रश्न असा की कॉन्ट्रास्ट लागतंच का, कारण पायाच्या वाहिन्यांसाठी बिना कॉन्ट्रास्टचे एमआरआयचे प्रकारही आहेत आणि साधी डॉपलर सोनोग्राफी तर आहेच.

प्रश्न (कामठी, इयत्ता नववी): मॅडम, आपल्या रक्तात लोखंड असते ना, मग एमआरआयच्या एवढ्या मोठ्या मॅग्नेटकडे माणूस ओढला काऊन नाही जात?

मस्त प्रश्न विचारलास रे बाळा. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून ३ ते ४ ग्रॅम लोखंड असतं, त्यातलं बरंचसं हिमोग्लोबिनमध्ये. पण ते खिळ्यासारखं धातूचं लोखंड नाही, प्रत्येक अणू हिमोग्लोबिनच्या मोठ्या रेणूत एकटा-एकटा बसलेला असतो. खिळ्यात शेजारचे अणू एकमेकांना धरून एका दिशेला तोंड करतात, इथे शेजारीच नाही. १९३६ मध्ये लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी मोजून दाखवलं की ऑक्सिजन असलेलं रक्त मॅग्नेटपासून अगदी किंचित दूर ढकललं जातं आणि ऑक्सिजन सोडलेलं रक्त अगदी किंचित ओढलं जातं. एवढं किंचित की आत झोपलेल्या माणसाला काही समजत नाही, पण मशीनला समजतं. याच फरकावर १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी मेंदूचा कोणता भाग काम करतोय हे बघायची पद्धत काढली. आणि हो, १.५ टेस्लाचं मशीन पृथ्वीच्या चुंबकापेक्षा तीस हजार पटीहून ताकदवान असतं, त्यामुळे खिशात किल्ली घेऊन त्या खोलीत कधीच जायचं नाही.

प्रश्न (प्रतापनगर): वडिलांना मेंदूचा ट्यूमर निघाला, ग्रेड फोर. ऑपरेशन झालं, रेडिएशन सुरू करायचं आहे. फॅमिली ग्रुपवर एक मेसेज आला की नॅनो आयर्ननं कॅन्सर आतल्या आत जाळून टाकतात, साइड इफेक्ट झीरो. त्यातल्या नंबरवर फोन केला तर एक जण म्हणाला की रेडिएशन थांबवा, आमचं इंजेक्शन हातात लावतो, ते बरोबर ट्यूमरवर जाते, आठ लाख लागतील, अर्धे ॲडव्हान्स. घरचे तयार झालेत. मला समजत नाही काय करू.

दादा, हे उत्तर अंक छापायच्या आधीच तुम्हाला फोनवर कळवलंय, पण असा मेसेज अजून कितीतरी घरी गेला असेल म्हणून इथे सविस्तर लिहिते. पैसे देऊ नका आणि रेडिएशन एक दिवसही पुढे ढकलू नका.

त्या मेसेजमध्ये एक खरी गोष्ट आहे आणि तिच्यावर खोटं रचलंय. खरी गोष्ट अशी. लोखंडाचे कण सतत दिशा बदलणाऱ्या चुंबकी क्षेत्रात ठेवले, सेकंदाला लाखभर वेळा दिशा बदलणाऱ्या, तर कणाचं चुंबकत्व प्रत्येक वेळी मागोमाग वळायला थोडं मागे पडतं आणि त्या ओढाताणीत उष्णता तयार होते. १९५७ मध्ये गिलख्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या लसिका ग्रंथींमध्ये असे कण नेऊन तापवून दाखवले. पेशी ४२-४३ डिग्रीच्या आसपास तापल्या की दुबळ्या होतात, त्यांना रेडिएशन जास्त लागू पडतं, त्याहून बरंच वर नेलं तर सरळ मरतात.

ही गोष्ट माणसांच्या मेंदूच्या ट्यूमरवर नेली ती जर्मनीत, बर्लिनच्या मॅगफोर्स कंपनीनं, आणि २०१० मध्ये त्याला युरोपात मंजुरी मिळाली. आता ते कसं करायचे ते नीट बघा, कारण सगळं त्यातच आहे. कण हातातल्या शिरेत देत नव्हते. कवटीला बारीक भोक पाडून, सुई थेट गाठीत नेऊन द्रव तिथे सोडायचे, आणि त्या द्रवात एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमहून जास्त लोखंड, म्हणजे काळंकुट्ट घट्ट पाणी. मग पेशंटला त्या मशीनमध्ये तासभर, असं अनेक वेळा, आणि सोबत रेडिएशन. सोबत म्हणतेय मी, ऐवजी नाही. डोक्याजवळ धातू तापू नये म्हणून दातातल्या धातूच्या फिलिंग आणि कॅप आधी काढून टाकाव्या लागायच्या. आणि एकदा ते कण मेंदूत बसले की त्या जागेचा एमआरआय काळा येतो, गाठ परत वाढतेय का ते नीट बघताच येत नाही, हा तर माझ्या दृष्टीनं फार मोठा तोटा. २०११ मध्ये त्यांचा अभ्यास आला, ट्यूमर परत आलेले ५९ पेशंट, परत आल्याचं समजल्यापासून निम्मे पेशंट १३.४ महिन्यांपेक्षा जास्त जगले. जुन्या आकड्यांपेक्षा बरं दिसलं, पण त्याच अभ्यासात तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे पक्कं काही म्हणता येत नाही. पुढे २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

आता "हातात इंजेक्शन, बरोबर ट्यूमरवर" हे बघू. इथेच माझं सुरुवातीचं वाक्य कामी येतं. शिरेत दिलेला कण ट्यूमर ओळखत नाही, त्याला आधी यकृत आणि प्लीहेतल्या पेशी गिळतात, ते त्यांचं रोजचं कामच आहे. २०१६ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मागच्या दहा वर्षांतले शंभरहून जास्त प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला की शिरेत दिलेल्या नॅनो कणांपैकी ट्यूमरपर्यंत किती पोचतात. सगळ्या जातीचे कण धरून, आणि तेही मुख्यतः उंदरांमध्ये, मधला आकडा आला ०.७ टक्के. शंभरातला एकसुद्धा नाही. एवढ्या थोड्या लोखंडानं मेंदूतली गाठ तापत नाही, आणि तापवायला जे मशीन लागतं ते तर त्या फोनवाल्यानं सांगितलंच नाही, हो ना?

असा कोणी भेटला तर एकच विचारा, सीटीआरआय नंबर काय. भारतात नवीन उपचाराची ट्रायल १५ जून २००९ पासून या सरकारी रजिस्टरवर नोंदवावीच लागते, कोणीही ऑनलाइन बघू शकतो. खऱ्या ट्रायलमध्ये तपासणीखालच्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत, उलट त्रास झाला तर भरपाईचा नियम आहे. ॲडव्हान्स मागितला की समजून जायचं. आणि दुसरं मत हवं असेल तर आपल्याकडे नागपुरात कॅन्सरचं हॉस्पिटल जामठ्याला आहे, तुकडोजी चौकात आहे, सरकारी मेडिकल कॉलेज आहे, मिहानमध्ये एम्स आहे, फाइल घेऊन जा, कोणीही वाईट वाटून घेत नाही. घरच्यांवर रागावू नका. बापाला वाचवायला माणूस काहीही करतो, हे लोक त्याचाच फायदा घेतात आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त चीड येते.

प्रश्न (इंदोरा): माझा पोरगा सिकलसेलचा पेशंट आहे, लहानपणापासून रक्त चढवून राहिलो. आता फेरिटिन (अंगातल्या लोखंडाच्या साठ्याचा रक्तातला आकडा) लय वाढलं म्हणून डॉक्टरनं लिव्हरचा टी-टू-स्टार एमआरआय सांगितला. आधीच अंगात लोखंड जास्त, त्यात अजून लोखंडाचे कण टोचणार काय?

नाही दादा, या एमआरआयला काहीही टोचत नाहीत. पोराच्या यकृतात जे लोखंड साठलंय तेच मशीनला दिसतं.

रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोखंड अंगात जातं आणि शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर टाकू शकतं, जास्तीचं काढायचा दुसरा रस्ता निसर्गानं ठेवलेलाच नाही. मग ते यकृतात बारीक-बारीक कणांच्या रूपात साठतं. एमआरआय आपल्या अंगातल्या पाण्याचा सिग्नल ऐकतो. जवळ लोखंड असलं की तिथलं चुंबकी क्षेत्र थोडं विस्कटतं, सिग्नल पटकन विझतो आणि जागा काळी दिसते. किती पटकन विझला ते मिलिसेकंदात मोजायचं, तेच टी-टू-स्टार. त्यावरून यकृताच्या एका ग्रॅम कोरड्या ऊतीत किती मिलिग्रॅम लोखंड आहे ते काढतात. नॉर्मल २ च्या खाली असतं, ७ च्या वर गेलं की काळजी, १५ च्या वर म्हणजे खूपच. हृदयाचंही सोबत मोजतात, तिथे २० मिलिसेकंदांच्या खाली आलं तर लोखंड बसायला लागलंय आणि १० च्या खाली आलं तर तातडीनं बघायचं. सिकलमध्ये हृदयात साठण्याचं प्रमाण थॅलेसेमियापेक्षा कमी असतं, तेवढा धीर धरा.

फेरिटिनचा आकडा ताप, इन्फेक्शन, सिकलचा दुखण्याचा अटॅक यानंही वर जातो, म्हणून नुसत्या त्याच्यावर गोळी ठरवणं बरोबर नाही आणि डॉक्टरांनी एमआरआय सांगितला ते अगदी योग्य केलं. तपासणी दुखत नाही, पाच-दहा सेकंद श्वास रोखून धरायचा असं काही वेळा सांगतात, ते घरी एकदा करून बघा, म्हणजे पोरगं आत गेल्यावर घाबरणार नाही. लोखंड काढायच्या गोळ्या सुरू झाल्या तर मधेच बंद करायच्या नाहीत, किडनी-लिव्हरच्या टेस्ट वेळेवर करायच्या. आणि कोणी अशक्तपणा आहे म्हणून लोखंडाचं टॉनिक किंवा सलाईन लिहून दिलं तर आधी सिकल आहे, फेरिटिन वाढलंय हे सांगा. आपल्या विदर्भात सिकल घराघरात आहे, तरी "रक्त कमी आहे, आयर्न द्या" असं न विचारता होऊन जातं. वर मनीषनगरच्या काकूंना सांगितलेलं लोखंडी औषधसुद्धा तुमच्या पोरासाठी नाही.

प्रश्न (बजाजनगर): मी एमएस्सी केमिस्ट्रीला आहे, प्रोजेक्टमध्ये को-प्रेसिपिटेशननं (दोन क्षार एकत्र साका करून) मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकी आयर्न ऑक्साइड, बनवतोय. फेरस आणि फेरिक क्लोराइड १:२, त्यात अमोनिया. थेंब पडताच काळं होते, मॅग्नेट लावला की सगळं झटकन एका बाजूला येते. पण दुसऱ्या दिवशी तळाला गुठळ्या आणि रंग तपकिरी. रिपोर्टमध्ये "एमआरआय कॉन्ट्रास्ट म्हणून उपयुक्त" असं लिहू का?

अजून नको लिहू. हा रस्ता मासार्ट यांनी १९८१ मध्ये मांडलेला, स्वस्त आहे आणि चांगला आहे, पण हवेतला ऑक्सिजन त्याचा शत्रू. मॅग्नेटाइट काळं, त्याचं ऑक्सिडेशन होऊन मॅगहेमाइट झालं की तपकिरी. मॅगहेमाइटही चुंबकी आहे, औषधांत तेही असतं, प्रश्न एवढाच की तुझ्या बीकरमध्ये कधी किती झालं ते तुझ्या हातात राहिलं नाही. पाणी आधी उकळून घे, अर्धा तास नायट्रोजन सोड आणि रिॲक्शनभर चालू ठेव. फेरस क्लोराइडची बाटली बघ, हिरवट असायला पाहिजे, पिवळी-तपकिरी दिसत असेल तर ती उघडून-उघडून आधीच खराब झालीय आणि तुझं १:२ तिथेच चुकलं. अमोनिया जोरात ढवळत एकदम टाक, थेंब-थेंब टाकलास तर आधीचे कण मोठे होत जातात आणि नंतरचे लहान राहतात.

आता गुठळ्या. मॅग्नेटला झटकन येतात याचा तुला आनंद झालाय, पण नीट सुटे असलेले दहा नॅनोमीटरचे कण हातातल्या मॅग्नेटला असे धावत येतच नाहीत, ते पाण्यात तसेच तरंगत राहतात. झटकन येतात म्हणजे ते आधीच एकमेकांना चिकटलेत. एवढ्या बारीक कणाचं गुपित असं की साधारण २० नॅनोमीटरच्या खाली गेल्यावर त्याचं चुंबकत्व खोलीच्या नुसत्या उष्णतेनं सतत उलटंपालटं होत राहतं, लुई नेल यांनी १९४९ मध्ये हे मांडलं, त्यामुळे मॅग्नेट दूर नेला की तो चुंबक राहत नाही आणि चुंबकी ओढीनं चिकटतही नाही. पण उघडा पृष्ठभाग तरी चिकटतोच. म्हणून धुवून झाल्यावर सायट्रिक ॲसिड घालून ८०-९० डिग्रीला तासभर ढवळ, नाहीतर डेक्स्ट्रानचं, म्हणजे साखरेच्या जातीचं, आवरण दे.

रिपोर्टमध्ये टीईएमचा (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा) गाभ्याचा आकार आणि डीएलएसचा (द्रवातून विखुरणाऱ्या प्रकाशावरून मोजलेला) आवरणासकटचा आकार वेगवेगळे लिही, लोक हमखास एक करतात. नुसत्या एक्सआरडीवरून, म्हणजे एक्स-रेच्या तपासणीवरून, मॅग्नेटाइट की मॅगहेमाइट असं छातीठोक म्हणू नको, दोघांचे पीक जवळजवळ एकावर एक येतात, मॉसबाउअर (लोखंडाच्या अणूंची अवस्था सांगणारी तपासणी) करून मिळालं तर उत्तम. मग वेगवेगळ्या प्रमाणात पातळ करून टी-टू मोज, लोखंड आयसीपी मशीनवर मोज, लोखंडाच्या प्रमाणासमोर १ भागिले टी-टूचा ग्राफ काढ, त्याचा उतार म्हणजे रिलॅक्सिव्हिटी, कण सिग्नल किती जोरात विझवतात त्याचं माप. ते आल्यावर "कॉन्ट्रास्टच्या दृष्टीनं पुढे अभ्यास करण्यासारखं" एवढं लिहिलंस तर बाहेरचा परीक्षकही खूश होईल. माणसाच्या अंगात द्यायचं तर पुढे रक्ताच्या सीरममध्ये टिकतं का, एंडोटॉक्सिन (जंतूंचं विष) किती, असं बरंच येतं, ते तुझ्या दोन सेमिस्टरमध्ये बसणार नाही आणि बसवूही नको.

प्रश्न (महाल): आमच्या वैद्यांकडचं लोह भस्म म्हणजे हेच नॅनो आयर्न ना? मग नवीन काय आहे त्यात?

काका, लोखंडाला पुन्हा-पुन्हा पुट देऊन, म्हणजे आगीत भाजून, भस्म करतात तेव्हा त्याचे ऑक्साइड होतात, त्यात काही कण खूप बारीक असतात, हे बरोबर आहे आणि ती मेहनतीची कला आहे याबद्दल मला आदर आहे. पण भस्म पोटातून घ्यायचं आणि त्यात लहान-मोठे सगळे कण मिसळलेले. शिरेतून देताना आकार एका मापाचा लागतो, आवरण लागतं, निर्जंतुक लागतं. तुलनाच करायची तर सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांना सलाईनमधून देतात ते आयर्न सुक्रोज घ्या, ते खरोखर लोखंडाच्या संयुगाचे नॅनो कण साखरेच्या आवरणात गुंडाळलेले असतात, म्हणजे नॅनो औषध आपल्या घरात कधीच येऊन बसलंय. भस्म घेत असाल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन मोजूनच घ्या, आणि वैद्य-डॉक्टर दोघांनाही सांगा.

प्रश्न (धरमपेठ): तुमच्या टीपेत लिव्हरचं लोखंडी कॉन्ट्रास्ट बंद झालं असं एका वाक्यात होतं. एवढं चांगलं होतं तर बंद काऊन केलं?

हे मी स्वतः जवळून बघितलेलं तंत्र म्हणून थोडं रमून सांगते. १९९६ मध्ये अमेरिकेत फेरिडेक्स आलं, नंतर युरोप-जपानमध्ये रेझोव्हिस्ट. शिरेत दिलं की त्यातले जवळपास ८० टक्के कण यकृतातल्या कुप्फर पेशी, म्हणजे तिथल्या कचरा गिळणाऱ्या पेशी, गिळून टाकतात. कॅन्सरच्या पसरलेल्या गाठीत कुप्फर पेशी नसतात. मग स्क्रीनवर काय दिसतं, आधी राखाडी असलेलं अख्खं यकृत काळं पडतं आणि गाठी तेवढ्या पांढऱ्या उरतात, मोहल्ल्यातली लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवाली घरं उजळ दिसतात तशा. पाच-सात मिलिमीटरची गाठसुद्धा उठून यायची. कण गाठीत जात नव्हते, गाठ सोडून सगळीकडे जात होते, आणि त्यामुळेच गाठ सापडायची.

बंद पडण्याची कारणं व्यवहाराची. फेरिडेक्स अर्धा तास सलाईनमधून द्यावं लागायचं, काहींची कंबर जोरात दुखायची, मग थांबून फोटो. तेवढ्यात यकृताच्या पेशीत शिरणारं गॅडोलिनियम आलं, ते झटकन टोचता येतं, रक्तपुरवठाही दाखवतं आणि २० मिनिटांत यकृतही. विक्री घसरली आणि २००८ मध्ये फेरिडेक्स बंद झालं. जपानमध्ये रेझोव्हिस्ट टिकून राहिलं. औषध वाईट ठरलं म्हणून गेलं असं नाही, आणि माझं तर मत आहे की किडनी खराब असलेल्या लिव्हरच्या पेशंटसाठी ते हाताशी असायला हवं होतं.

प्रश्न (वर्धमाननगर): आईला ब्रेस्ट कॅन्सर आहे, पहिली स्टेज. सर्जन म्हणाले काखेतली एकच गाठ काढून तपासू, त्यासाठी निळा रंग देऊ. मोठ्या भावानं वाचलं की आता लोखंडाचं इंजेक्शनही असतं. ते मागू का?

ताई, आधी हे की सर्जननी जे सांगितलं ते चांगलंच आहे. पूर्वी काखेतल्या सगळ्या लसिका ग्रंथी काढायचे आणि बायकांचा हात आयुष्यभर सुजायचा. आता स्तनातून निघणारा लसिका रस ज्या ग्रंथीत पहिल्यांदा पोचतो तीच शोधतात, तिला सेंटिनल नोड म्हणतात. ती साफ असेल तर बाकीच्या ठेवतात.

शोधायचे रस्ते तीन-चार. निळा रंग स्वस्त, सगळीकडे मिळतो. किरणोत्सारी टेक्नेशियम अचूक, पण सहा तासांत निम्मं होतं, म्हणून न्यूक्लिअर मेडिसिन जवळ लागतं. फ्लुरोसंट रंग आहे. आणि चौथा म्हणजे लोखंडाचे कण, मॅगट्रेस नावानं, अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. ते स्तनाग्राजवळ टोचतात, लसिका वाहिन्यांतून कण ग्रंथीत जाऊन अडकतात, ग्रंथी तपकिरी-काळी पडते आणि पेनासारखा प्रोब जवळ नेला की मशीन आवाज करतं. कण कुठे पळून जात नाहीत त्यामुळे ऑपरेशनच्या काही दिवस आधीसुद्धा टोचता येतं, न्यूक्लिअर विभाग नसलेल्या गावासाठी ही फार मोठी सोय आहे. यवतमाळ, चंद्रपूरच्या बायकांना फक्त या एका गाठीसाठी नागपूरला यावं लागू नये असं मला मनापासून वाटतं.

तोटेही बघा. प्रोब लोखंडी हत्यारांनाही ओरडतो, म्हणून त्या वेळी धातूचे रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायची हत्यारं) बाजूला ठेवून प्लास्टिकचे वापरावे लागतात. टोचलेल्या जागी कातडीवर तपकिरी डाग पडतो, तो महिनोन्‌महिने राहू शकतो. आणि स्तन ठेवायचं ऑपरेशन असेल तर उरलेल्या कणांमुळे पुढे तिथला एमआरआय काळा-विचित्र येतो, आईला पुढे एमआरआयवर लक्ष ठेवायचं असेल तर हा मुद्दा मोठा. म्हणून मी मागा असं म्हणणार नाही. सर्जनला विचारायचं ते हे की ते कोणती पद्धत नेहमी करतात, आणि रंग व टेक्नेशियम दोन्ही मिळून करता येईल का, कारण दोन्ही एकत्र केल्यानं ग्रंथी चुकायची शक्यता कमी होते. निळ्या रंगानंतर एक-दोन दिवस लघवी हिरवी-निळी होते, आईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाबरून जाईल. आणि तिला आधी कुठल्या औषधाची ॲलर्जी झाली असेल तर ते फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या.